वाचकांचे प्रश्न : जनावरांचे विषाणूजन्य आजार आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीच्या बैलगाड्यांचे तळ पडतात. म्हशींचे ट्रक परराज्यातून येतात आणि सीमेपलीकडची जनावरंही इकडच्या बाजारात उतरतात. लाळ्या-खुरकूत, लम्पी आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार) यांबद्दलची पत्रंही याच दिवसांत वाढतात. या खेपेच्या पत्रांमध्ये एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसला. रक्त तपासून 'पॉझिटिव्ह' आलं, पण म्हणजे नेमकं काय सापडलं, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून दोन शब्द आधीच स्पष्ट करतो. विषाणूचा जो भाग शरीर ओळखतं तो प्रतिजन, आणि त्याला चिकटण्यासाठी शरीर जे प्रथिन तयार करतं ते प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी. प्रतिजन सापडला तर विषाणू आज अंगात आहे. प्रतिपिंड सापडलं तर विषाणू किंवा लस कधीतरी अंगात गेली होती. पत्रलेखकांची नावं न छापता फक्त तालुका देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे ९ म्हशी आणि ४ संकरित गाई आहेत. लाळ-खुरकताची लस वर्षातून दोनदा टोचून घेतो. मागच्या महिन्यात रक्त तपासणीला गेलं, त्यात ३ जनावरं 'एनएसपी पॉझिटिव्ह' आली. एकाच्याही तोंडात फोड नाही की लाळ नाही. लसीमुळे असं येतं का? जनावरं विकावी लागतील का?
— दूध उत्पादक, ता. कागल

उत्तर : विकू नका. आधी अहवाल कसा वाचायचा ते पाहू.

लाळ्या-खुरकूताचा विषाणू पेशीत शिरला की दोन जातींची प्रथिनं बनवतो. एक त्याच्या कवचाची. दुसरी कवचात नसणारी, फक्त पेशीत स्वतःच्या प्रती काढताना लागणारी. या दुसऱ्या जातीला अहवालात एनएसपी म्हणतात. लस बनवताना विषाणू पेशींवर वाढवतात, रसायनाने मारतात आणि गाळून शुद्ध करतात. त्या शुद्धीकरणात एनएसपी बहुतांशी निघून जातात आणि कवच उरतं. म्हणून आपल्याकडच्या ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांच्या लसीने कवचाविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात, एनएसपीविरुद्धची सहसा होत नाहीत. भारतात या कामासाठी ३एबी३ नावाच्या एनएसपीवर आधारलेली एलायझा चाचणी, म्हणजे प्रतिपिंड किंवा प्रतिजन रंगावरून ओळखणारी चाचणी, वापरतात. लसवंत कोण आणि लागण झालेला कोण, हे वेगळं करायला तिचा उपयोग होतो.

तेव्हा तुमच्या ३ जनावरांचा पहिला अर्थ हा, की त्यांच्या अंगात खरा विषाणू कधीतरी वाढला होता. कधी, ते ही चाचणी सांगत नाही. ही प्रतिपिंडं लागणीनंतर साधारण १० दिवसांनी दिसू लागतात आणि वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतात. लस घेतलेल्या जनावरात लागण झाली तरी फोड येतीलच असं नाही, आणि म्हशीत लक्षणं मुळातच सौम्य असतात. दुसरी शक्यता अशी, की लसीत थोडी एनएसपी शिल्लक राहिली आणि अनेक वेळा टोचल्याने जुन्या जनावरात हलका पॉझिटिव्ह उमटला. तिसरी शक्यता चाचणीच्या चुकीची, आणि ती लोक विसरतात. समजा चाचणी ९५ टक्के संवेदनशील (लागण झालेल्यांना ओळखणारी) आणि ९५ टक्के विशिष्ट (निरोगींना निगेटिव्ह म्हणणारी) आहे, आणि १,००० जनावरांत खरोखर लागण झालेली २० आहेत. चाचणी त्यातली १९ पकडेल. पण उरलेल्या ९८० निरोगींपैकी ४९ जनावरांनाही ती पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यात खरी १९. एकट्या-दुकट्या जनावराचा निकाल ऐकून दावं सोडू नये, ते यासाठी. एनएसपी चाचणी कळपाची तब्येत सांगायला चांगली, एका म्हशीचा निवाडा करायला कच्ची.

पुढे असं करा. ३ ते ४ आठवड्यांनी सगळ्या १३ जनावरांचं रक्त पुन्हा द्या. गोठ्यात ८ ते १२ महिन्यांची वासरं-रेडकं असतील तर त्यांचं रक्त आवर्जून घ्या. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडं त्या वयापर्यंत संपलेली असतात आणि लसींची संख्याही कमी असते, त्यामुळे रेडकू पॉझिटिव्ह निघालं तर विषाणू अलीकडेच गोठ्यातून फिरून गेला असं समजायला जागा आहे. फक्त म्हाताऱ्या म्हशीच पॉझिटिव्ह असतील आणि आकडा वाढत नसेल, तर गोष्ट जुनी आहे. लागण झालेल्या काही जनावरांच्या घशात विषाणू २८ दिवसांनंतरही राहतो. अशा वाहक जनावराकडून दुसऱ्याला लागण होणं विरळ असलं तरी ते बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधणं योग्य नाही. लसीची पाळी मात्र चुकवू नका.

प्रश्न : आमच्या दवाखान्यातून पाठवलेले ४० पैकी १४ नमुने 'रक्तविघटन' असा शेरा मारून परत आले. काय चुकलं असावं?
— पशुधन पर्यवेक्षक, ता. राधानगरी

उत्तर : सीरम, म्हणजे रक्ताची गुठळी झाल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, लालसर झालं म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. त्याची कारणं ठरलेली आहेत : बारीक सुई, सिरिंज जोरात ओढणं, ओली सिरिंज, ट्यूब हलवणं, आणि सगळ्यात जास्त वेळा सीरम वेगळं न करता रक्तच फ्रीझरमध्ये ठेवणं. गोठलेलं रक्त वितळलं की त्यातून चांगलं सीरम निघतच नाही.

मोठ्या जनावराला १८ गेजची सुई घ्या, मानेच्या शिरेतून ५ ते १० मिलि रक्त लाल बुचाच्या ट्यूबमध्ये घ्या. जांभळ्या बुचाची नको, तिच्यात रक्ताची गुठळी होऊ न देणारं ईडीटीए असतं आणि ती पीसीआरच्या (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीच्या) रक्तासाठी ठेवा. सिरिंजने घेतलं असेल तर सुई काढून रक्त ट्यूबच्या कडेने सोडा. ट्यूब तिरकी करून १ ते २ तास सावलीत ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. गुठळी आकसल्यावर रात्रभर ४ अंशांवर ठेवा, सकाळी २,००० ते २,५०० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज नसेल तर रात्रीत वर आलेलं सीरम पिपेटने अलगद उचलता येतं, फक्त गुठळीला टोक लावू नका. प्रत्येक जनावराचं दीड-दोन मिलि सीरम दोन छोट्या बाटल्यांत विभागा, एक पाठवा, एक स्वतःकडे उणे २० अंशांवर ठेवा. वितळवणं-गोठवणं दोनतीनदापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडे चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते आणि मग ४० नमुने अनाथ होतात. सोबतच्या कागदावर शेवटच्या लसीची तारीख हवीच. तिच्याशिवाय प्रतिपिंडांचा आकडा वाचता येत नाही. पुण्याला एस.टी.ने पार्सल जात असेल तर थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक घाला, सुटा बर्फ घालू नका, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका.

आणखी एक. लाळ्या-खुरकूताचे ताजे फोड असतील तर रक्तावर वेळ घालवू नका, फोडाची सालच पाठवा. निदान १ ग्रॅम साल, निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं फॉस्फेट बफर अशा द्रवात, पीएच ७.२ ते ७.६. हा विषाणू आम्लात टिकत नाही, पीएच ६ च्या खाली गेला की संपतो. नुसत्या पाण्यात किंवा बफर नसलेल्या ग्लिसरीनमध्ये नमुना वाया जाऊ शकतो, फॉर्मॅलिनमध्ये तर नक्कीच जातो.

किती जनावरांचं रक्त घ्यावं, असंही तुम्ही विचारलं आहे. मोठ्या कळपात १० टक्के जनावरांना लागण झाली असेल आणि त्यातलं निदान एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडावं असं वाटत असेल, तर २९ नमुने घ्या. ५ टक्क्यांसाठी ५९. ते दावणीच्या एका टोकाने सलग घेऊ नका, सगळ्या वयांतून आणि कोपऱ्यांतून घ्या.

प्रश्न : हरियाणातून ५ मुऱ्हा म्हशी आणायच्या आहेत. विकणारा सगळे दाखले देतो म्हणतो. आपण कोणत्या चाचण्या मागाव्यात?
— गोठामालक, ता. करवीर

उत्तर : लाळ्या-खुरकूताची एनएसपी आणि आयबीआर, या दोन विषाणूंच्या चाचण्या मागा. ब्रुसेल्ला हा गर्भपात घडवणारा जिवाणू आहे, पण गाभण म्हैस आणताना ती चाचणी सोडणं म्हणजे मोठा धोका पत्करणं, तीही जोडा.

आयबीआर हा नागिणीच्या घराण्यातला विषाणू. एकदा शिरला की डोक्यातल्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो, आणि प्रवास, वेत, आजारपण अशा ताणात पुन्हा बाहेर पडतो. त्यामुळे त्याची लस कधीच न दिलेल्या मोठ्या जनावरात प्रतिपिंड सापडलं, तर ते जनावर वाहक समजायचं. मात्र म्हशींचा स्वतःचा एक जवळचा नागीण-विषाणू आहे आणि त्याची प्रतिपिंडं गाईंसाठी केलेल्या एलायझात उमटतात. निकाल पॉझिटिव्ह आला तर प्रयोगशाळेला हे विचारल्याशिवाय व्यवहार मोडू नका.

दाखल्यावर विसंबून राहू नका. रक्त तिकडे काढलं, मग म्हैस आठ दिवस बाजारात उभी राहिली आणि दोन दिवस ट्रकमध्ये आली, तर त्या दाखल्याला अर्थ उरत नाही. उतरवल्या दिवशी एक रक्त, वेगळ्या शेडमध्ये २१ दिवस ठेवून दुसरं रक्त, आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी एकाच एलायझा प्लेटवर (खान्यांच्या तबकडीवर) तपासून घ्या. दोन प्लेटांवरचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट किंवा त्याहून जास्त चढलं असेल तर लागण ताजी आहे. त्या २१ दिवसांत त्या शेडला वेगळी बादली, वेगळा माणूस. माणूस वेगळा जमत नसेल तर त्याने आधी घरच्या म्हशींची धार काढावी, नंतर नव्यांची.

प्रश्न : आमच्या १२० मेंढरांत नाक-डोळे वाहतात, हगवण आहे, ६ पिल्लं गेली. पीपीआरची रक्तचाचणी करावी का? लस दोन वर्षांपूर्वी दिली होती.
— मेंढपाळ, ता. हातकणंगले

उत्तर : रक्ताची प्रतिपिंड चाचणी आत्ता करू नका. पीपीआरची लस जिवंत, दुर्बळ केलेल्या विषाणूची असते, आणि लसीची प्रतिपिंडं नि आजाराची प्रतिपिंडं यांत फरक करणारी चाचणी वापरात नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं पुरेशी चढलेली नसतात. तुम्हाला प्रतिजन शोधायचा आहे. ताप नुकताच चढलेली, पाण्यासारखा स्राव असलेली ४-५ जनावरं निवडा. घट्ट पिवळा शेंबूड झालेली नकोत, त्यांच्यात विषाणू कमी झालेला असतो. प्रत्येकाच्या डोळ्यातून आणि नाकातून वेगवेगळा स्वॅब घेऊन बर्फावर पाठवा. सँडविच एलायझा (प्रतिजन दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणारी) किंवा पीसीआर करायला सांगा. मेलेल्या पिल्लाचं शवविच्छेदन झालं तर फुप्फुसाचा आणि आतड्याजवळच्या लसिका गाठीचा तुकडा द्या. मावा आणि नीलजिव्हा या मेंढरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारांतही तोंडाला फोड येतात, म्हणून डोळ्यांनी पाहून ठरवू नका. दवाखान्यात आजच कळवा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्याने हा आजार कळवणं बंधनकारक आहे. निकाल येईपर्यंत कळप दुसऱ्या गावच्या रानात बसवू नका.

प्रश्न : प्रकल्पासाठी ई. कोलायमध्ये तयार केलेलं ३एबी३ प्रथिन वापरून एलायझा बसवते आहे. निगेटिव्ह सीरमच्या रंगाचं वाचन ०.८ आणि पॉझिटिव्हचं १.३ येतं. प्लेटवरची उरलेली जागा ५ टक्के स्किम मिल्कने झाकते, म्हणजे ब्लॉक करते. काही दिवशी तर प्लेटवर रंगच येत नाही. कुठे बघावं?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत.

पहिला, ई. कोलाय. गाईच्या आतड्यात हा जिवाणू जन्मापासून असतो, म्हणून प्रत्येक गाईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. तुमच्या प्रथिनात एक-दोन टक्के जरी जिवाणूची प्रथिनं राहिली असली तरी निगेटिव्ह गाय पॉझिटिव्ह दिसते. प्रथिन शुद्ध करायच्या निकेल स्तंभावर इमिडाझोलचं प्रमाण हळूहळू वाढवत धुवा, आणि सीरम पातळ करायच्या बफरमध्ये रिकाम्या, म्हणजे तुमचा जनुक नसलेल्या ई. कोलायचा अर्क मिसळून अर्धा तास ठेवा. नको असलेली प्रतिपिंडं त्या अर्कालाच चिकटून संपतात. प्लेटच्या निम्म्या खान्यांत प्रथिनाऐवजी हा अर्कच लावून पाहा, तिथेही ०.७ आलं तर दोष कुठला ते हातात पुराव्यासह येईल.

दुसरा, दूध. स्किम मिल्क गाईचं असतं आणि त्यात गाईचंच आयजीजी (मुख्य प्रतिपिंड) असतं. तुमचं कॉन्जुगेट, म्हणजे रंग आणणारं एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड, गाईच्या आयजीजीला पकडण्यासाठीच बनवलेलं आहे. प्लेटवर दूध चिकटलं तर सगळीकडे रंग, आणि कॉन्जुगेट दुधात पातळ केलं तर ते बाटलीतच खर्ची पडून रंग कमी. उंदरावर किंवा सशावर काम करणारे वर्षानुवर्षं दुधाने ब्लॉक करतात, त्यांना हा त्रास होत नाही, म्हणून पाठ्यवहीत तेच लिहिलेलं असतं. गाई-म्हशींच्या सीरमसाठी घोड्याचं सीरम किंवा जिलेटिन वापरून पाहा.

तिसरा, ज्या दिवशी रंगच येत नाही. त्या दिवशीच्या बफरच्या बाटलीत सोडियम अझाइड आहे का बघा. बुरशी येऊ नये म्हणून ते घालतात, पण ते कॉन्जुगेटवरच्या एचआरपी एन्झाइमला निकामी करतं. कॉन्जुगेटच्या आणि धुण्याच्या बफरमध्ये त्याचा थेंबही नको.

हे निस्तरल्यावर चेकरबोर्ड करा, म्हणजे प्रथिन आणि कॉन्जुगेट यांची वेगवेगळी प्रमाणं एकाच प्लेटवर ताडून पाहा. प्रथिन पीएच ९.६ च्या कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमपासून निम्मं निम्मं करत आडव्या ओळींत, १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. कॉन्जुगेट १:१,००० पासून १:१६,००० पर्यंत उभ्या ओळींत. पॉझिटिव्ह १.० ते १.५ च्या दरम्यान आणि निगेटिव्ह ०.२ च्या खाली अशी जागा सापडली की तिथेच थांबा. जास्त प्रथिन म्हणजे चांगली चाचणी नव्हे. धुणं ०.०५ टक्के ट्वीन-२० च्या फॉस्फेट बफरने तीनदा, आणि प्रत्येक वेळी प्लेट टिपकागदावर आपटून कोरडी. रंग देणारं टीएमबी अंधारात १० ते १५ मिनिटं, १ मोलर सल्फ्युरिक आम्लाने थांबवून ४५० नॅनोमीटरवर लगेच वाचन. कडेचे खाने मधल्यांपेक्षा गडद येत असतील तर प्लेट फ्रिजमधून काढून थेट इन्क्युबेटरमध्ये जाते आहे. आधी सगळी द्रव्यं खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि प्लेटवर सील लावा. एप्रिलमध्ये कोल्हापुरात कडेचे खाने वाळायला तासही लागत नाही.

निगेटिव्हची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, असा कटऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली सीमा) लावून मोकळं होऊ नका. गोठ्यातल्या सीरमचे आकडे एका बाजूला लांब शेपटीसारखे पसरतात. खात्रीचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह घेऊन आरओसी वक्र काढा, म्हणजे कोणत्या सीमेला संवेदनशीलता आणि विशिष्टता किती ते दिसेल. निगेटिव्ह गटात चीक प्यायलेली लहान वासरं घेऊ नका. त्यांच्यात प्रतिपिंड असतं, ते आईचं असतं.

प्रश्न : एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. गोठ्यातच १५ मिनिटांत निदान देणारी लाळ्या-खुरकूताची पट्टी बनवायची आहे. सुरुवात कुठून करावी?
— उद्योजक, गोकुळ शिरगाव

उत्तर : पहिलं उत्पादन म्हणून लाळ्या-खुरकूत घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. विषाणूचा अख्खा कण, ज्याला १४६एस म्हणतात, तो उष्णतेने किंवा आम्लाने फुटून त्याचे १२एस तुकडे होतात. ई. कोलायमध्ये बनवलेल्या सुट्या प्रथिनावर काढलेलं प्रतिपिंड अख्ख्या कणाला पुष्कळदा ओळखतच नाही. अख्खा कण हवा तर जिवंत विषाणू वाढवावा लागतो, आणि ते उच्च जैवसुरक्षा असलेल्या मोजक्या संस्थांतच होऊ शकतं. त्यातून ओ, ए आणि एशिया-१ तिन्हींना पकडणारी प्रतिपिंडांची जोडी शोधायची. लहान युनिटचं भांडवल यातच बुडतं.

त्याऐवजी पीपीआर घ्या. त्याचं न्यूक्लिओप्रोटीन (जनुकाला गुंडाळणारं प्रथिन) विषाणूत सगळ्यात जास्त प्रमाणात असतं, फारसं बदलत नाही आणि जिवंत विषाणूला हात न लावता पेशींत बनवता येतं. मागणीही खरी आहे. पीपीआर २०३० पर्यंत जगातून संपवायचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. याच घराण्यातली बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्यात लसीबरोबर मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, एकसारख्या) प्रतिपिंडांवरच्या एलायझाचा मोठा वाटा होता.

प्रतिपिंड कसं मिळवायचं? कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली दाखवलेली हायब्रिडोमाची, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी मायलोमा या कर्कपेशीशी जोडण्याची रीत आजही चालते. बाल्ब-सी उंदराला ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रथिन प्रतिकार वाढवणाऱ्या सहायकासह, दर दोन आठवड्यांनी आणखी दोनदा, आणि पेशी काढण्याच्या ३ दिवस आधी सहायक न घालता शेवटची मात्रा. प्लीहेच्या पेशी एसपी२/० मायलोमा पेशींशी ५ ते १० ला १ या प्रमाणात पॉलिइथिलीन ग्लायकॉलने जोडायच्या. मग हॅट माध्यम. त्यातलं अमिनोप्टेरिन डीएनए बनवण्याची मुख्य वाट बंद करतं, मायलोमाला आडवाट नसते म्हणून ती मरते, प्लीहेच्या सुट्या पेशी आपोआप संपतात, जोडलेल्या तेवढ्या जगतात. १० ते १४ दिवसांनी गाळणी, म्हणजे हवं ते प्रतिपिंड देणाऱ्या पेशी निवडणं. इथे एक पथ्य पाळा : गाळणी एलायझाच्या प्लेटवर करून थांबू नका, ती पट्टीच्या नायट्रोसेल्युलोजवर आणि खऱ्या स्वॅबच्या अर्कावरही करा. प्लेटवर उत्तम चालणारी प्रतिपिंडं पट्टीवर ढेपाळतात, कारण पट्टीवर प्रतिजनाला जोडायला काही सेकंदच मिळतात. निवडलेल्या पेशी खान्याला अर्धी पेशी या हिशेबाने दोनदा तरी वेगळ्या करा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये साठवा. प्राण्यांवरच्या कामाला नैतिक समितीची मंजुरी हवी; युनिटमध्ये उंदीरघर नसेल तर विद्यापीठाशी करार करा.

दुसरं प्रतिपिंड कोंबडीच्या अंड्यातून घेता येतं. एका बलकातून ५० ते १०० मिलिग्रॅम आयजीवाय (कोंबडीचं प्रतिपिंड) मिळतं, रक्त काढावं लागत नाही, आणि सस्तन प्राण्यांच्या सीरममधल्या बऱ्याच उपद्रवी रेणूंना ते चिकटत नाही. त्यातला प्रतिजनाला ओळखणारा भाग थोडाच असतो, तेव्हा प्रथिन लावलेल्या स्तंभावर गाळून घ्या.

आता सोनं, म्हणजे प्रतिपिंड लावून पट्टीवर लाल रेषा उमटवणारे सोन्याचे सूक्ष्म कण. ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्लाचं १०० मिलि द्रावण उकळतं ठेवून त्यात १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट १ मिलि एकदम घाला. रंग निळसर होऊन दारूसारखा लाल होतो, कण साधारण ४० नॅनोमीटरचे. काचेची भांडी आम्लराजाने धुतलेली असावीत, साबणाचा अंश राहिला तर कण गठ्ठा होतात. पोटॅशियम कार्बोनेटने पीएच ८.५ ते ९ करा. मग मिठाची परीक्षा : १ मिलि सोन्यात वाढत्या मात्रेत प्रतिपिंड, १० मिनिटांनी १० टक्के मिठाचं पाणी १०० मायक्रोलिटर. लाल राहिलं तर प्रतिपिंड पुरेसं, जांभळं-निळं झालं तर कमी. पुरेशा मात्रेपेक्षा १०-२० टक्के जास्त घ्या आणि १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाने) उरलेली जागा झाका.

पट्टीवर चाचणी रेषेला प्रतिपिंड मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, सेंटिमीटरला १ मायक्रोलिटर, आणि नियंत्रण रेषेला उंदराच्या प्रतिपिंडाला पकडणारं दुसरं. शेळीत बनवलेलं दुसरं प्रतिपिंड वापरत असाल तर ते शेळीच्या नमुन्याशी काही खोड्या करत नाही ना, हे आधी तपासा. नाकातला स्राव चिकट असतो, तो पट्टीत चढत नाही आणि सोनं मध्येच अडकून लाल डाग पडतो. स्वॅब अर्धा ते एक टक्का ट्रायटन एक्स-१०० असलेल्या बफरमध्ये ढवळून, गाळून मगच थेंब टाका. प्रतिजन फार जास्त असेल तर रेषा उलट फिकी पडते, कारण सोन्यावरची आणि रेषेवरची प्रतिपिंडं वेगवेगळ्या कणांनी भरून जातात. लक्षणं ठळक आणि रेषा फिकी असेल तर नमुना दसपट पातळ करून पुन्हा लावा, ही सूचना पाकिटावर छापा.

आपल्याकडे सगळ्यात मोठा शत्रू पावसाळा. पट्ट्या कापणं, जोडणं आणि पाकिटात भरणं हे सगळं ३० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत व्हायला हवं. जुलैत इथली हवा तिप्पट ओली असते. ओलावा घेतलेली पट्टी पहिल्या महिन्यात बरी वाटते, तिसऱ्या महिन्यात प्रवाह मंदावतो आणि रेषा फिकटतात, तोवर माल दुकानात गेलेला असतो. डिह्युमिडिफायर असलेली एक छोटी खोली ही मशिनच्याही आधीची खरेदी. प्रत्येक ॲल्युमिनियमच्या पाकिटात सिलिका जेल, आणि प्रत्येक खेपेतली काही पाकिटं ३७ आणि ४५ अंशांवर ठेवून दर आठवड्याला तपासा.

पडताळणीसाठी पीसीआरने ठरवलेले नमुने घ्या. नुसते कडक पॉझिटिव्ह आणि निरोगी शेळ्या घेतल्या तर कुठलीही पट्टी देखणी दिसते. मावा, नीलजिव्हा, न्यूमोनिया झालेली आणि नुकतीच पीपीआरची लस दिलेली जनावरं निगेटिव्ह गटात हवीत. विक्रीआधी परवान्यासाठी औषध प्रशासनाकडे विचारणा करा, ती शेवटी नाही, आराखडा ठरतानाच करा.

प्रश्न : लम्पीची लस देऊन दीड महिना झाला. हौसेने दोन गाईंचं रक्त तपासलं, प्रतिपिंड आलं नाही. लस वाया गेली का?
— पशुपालक, ता. आजरा

उत्तर : नाही. लम्पी हा देवीच्या गटातला विषाणू आणि त्याच्याशी लढताना पेशींची प्रतिकारशक्ती मोठं काम करते. ती रक्तातल्या प्रतिपिंडांत मोजता येत नाही. लस लागू पडलेल्या अनेक गाईंत एलायझा निगेटिव्ह येतो. या चाचणीवरून पुन्हा लस टोचायचा निर्णय घेऊ नका. गाठी दिसल्या तर खपली पीसीआरला पाठवा. वाळलेल्या खपलीतही विषाणू महिनाभर टिकतो, म्हणून गळून पडलेल्या खपल्या झाडून जाळा.

प्रश्न : आमच्या संस्थेत १८० सभासद दूध घालतात. प्रत्येक जनावराला सुई न टोचता दुधावरून गावातली परिस्थिती कळेल का?
— दूध संस्था सचिव, ता. भुदरगड

उत्तर : काही आजारांपुरती कळते. दुधातही आयजीजी उतरतं, पण रक्ताच्या मानाने पुष्कळ कमी, आणि कॅनमध्ये ते आणखी पातळ होतं. त्यामुळे २० जनावरांच्या दुधात एकटी पॉझिटिव्ह म्हैस लपून जाऊ शकते. दुधासाठी प्रमाणित केलेलाच किट घ्या. रक्ताच्या किटवर दूध टाकून आलेला आकडा वाचू नका. कॅन नीट ढवळून २० मिलि नमुना ब्रोनोपॉलची गोळी टाकून घ्या, फॉर्मॅलिन नको. रात्रभर फ्रिजमध्ये उभा ठेवा आणि सायीखालचं दूध पिपेटने काढा. म्हशीच्या दुधाला स्निग्धांश जास्त, तेव्हा सायीचा थर जाड असतो, पिपेट त्याच्या खूप खाली न्या. फाटलेला नमुना टाकून द्या. ज्या कॅनमध्ये रंग दिसेल त्यातल्या सभासदांचे नमुने दुसऱ्या दिवशी वेगळे घ्या. चिकात प्रतिपिंडं खच्चून भरलेली असतात आणि दगडीतही (कासदाहातही) प्रमाण वाढतं, म्हणून व्यायला ७ दिवस न झालेली आणि दगडी झालेली जनावरं त्यातून आधीच वगळा.